तापपोत शुभेच्छापत्रे

तापपोत शुभेच्छापत्रे : टाकाऊ वेष्टने, पाकिटे व प्लास्टिक रंगवून, उष्णतेने त्यांवर सुरकुत्या, फोड किंवा जाळी उमटवून, ते तुकडे जाड कागदावर बसवलेली हस्तनिर्मित पत्रे.

या पद्धतीचा उगम इटालियन चित्रकार अल्बेर्तो बुर्री याच्यापर्यंत नेण्याचा मोह होतो. त्याने १९६० च्या दशकात प्लास्टिक जाळून चित्रे केली. तथापि त्याच्या कामात ज्वाला हेच साधन आणि दाह हाच विषय होता, तर येथे सामग्री जळू न देता केवळ आकसवायची असते. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वस्त्रकला व भरतकामाशी तिचे नाते जोडणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या वर्तुळात टायव्हेकला विशेष स्थान मिळाले. पॉलिएथिलीनच्या तंतूंचा हा कागदासारखा पत्रा १९५५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत झालेल्या एका आकस्मिक निरीक्षणातून पुढे आला आणि १९६७ पासून व्यापारी प्रमाणावर बनू लागला. न फाटणारी टपाल पाकिटे त्याचीच असतात.

आकसण्याचे कारण निर्मितीतच दडलेले असते. तंतू किंवा पातळ पत्रा ताणून बनवताना बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) लांब रेणूंच्या साखळ्या एका दिशेत ओढल्या जाऊन तशाच गोठतात. उष्णता मिळताच त्या पुन्हा वेटोळ्या होतात. टायव्हेक सुमारे १३५° से. ला वितळतो, त्यामुळे इस्त्री मध्यम ठेवून वर-खाली बेकिंग पेपर घालतात. फुगवटे उष्णतेच्या विरुद्ध बाजूस येतात. साहजिकच रंगीत बाजू खाली ठेवून मागून शेकल्यास ते दर्शनी भागावर उठतात. पॉलिस्टायरीनच्या डब्याच्या झाकणाची लांबी-रुंदी निम्मी झाली, तर क्षेत्रफळ चौथाईवर येते, जाडी साधारण चौपट होते आणि फिका दिलेला रंगही गडद दिसतो. ही गोष्ट नवशिक्यांच्या हमखास ध्यानात राहत नाही.

ॲक्रिलिक रंग टायव्हेकच्या तंतूंत धरतो, गुळगुळीत पिशवीवर मात्र पापुद्र्यासारखा सुटतो. पॉलिएथिलीनवर पांढरा गोंदही नीट चिकटत नाही. दुहेरी चिकटपट्टी किंवा टाके बरे. पीव्हीसी (पॉलिव्हिनाइल क्लोराइड हे प्लास्टिक) तापवू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. इतर प्लास्टिकसाठीही उघडी खिडकी आवश्यक असते. उंच फुगवट्यांची पत्रे साध्या पाकिटात चेपतात, म्हणून ती उथळ खोक्यातून पाठवतात.