साक्ष (बेळगाव सीमाभागातील मराठी ख्रिस्ती परंपरा)

प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले, हे ख्रिस्ती माणसाने चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगणे म्हणजे साक्ष. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी मंडळ्यांत (चर्चच्या स्थानिक समूहांत) ती रविवारच्या उपासनेत, उपवास-प्रार्थनेत किंवा कोणाच्या घरच्या प्रार्थनासभेत ऐकू येते. संदेश, म्हणजे प्रवचन, पाळकसाहेब (पास्टर) देतात; साक्षीला मात्र कोणीही उभे राहावे. मराठीत सुरू झालेली साक्ष मध्येच कानडीत जाते आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये धर्मप्रसारासाठी बेल्लारीहून बेळगावला आले. १९०४ मध्ये हे काम अमेरिकन मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेले. बेनन-स्मिथ हायस्कूल ही त्या वाटचालीची आजही दिसणारी खूण. लहान गटात बसून आपली आत्मिक स्थिती एकमेकांना सांगण्याची रीत मेथडिस्टांत त्यांचे संस्थापक जॉन वेस्लींपासूनच होती. मराठी मंडळ्यांना अभंग-कीर्तनाचे वळण लागले ते मुख्यतः ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांमुळे (१८६१–१९१९). साक्षीच्या आधी किंवा नंतर भजन होते, ते त्याच वळणाचे. अलीकडच्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) मंडळ्यांत टाळांची जागा कीबोर्डने घेतली आहे आणि साक्षीही लांबल्या आहेत.

बहुतेक साक्षी आजारपणाच्या असतात. दुखणे कसे सुरू झाले, किती दवाखाने झाले, उसनवारी किती झाली, मग मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी येऊन कपाळाला तेल लावून प्रार्थना केली आणि उतार पडला. तेल लावण्याला आधार बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा. काही जण रिपोर्टांची फाईलच घेऊन उभे राहतात. औषध आणि प्रार्थना यांत या भागाने एरवी भांडण मानलेले नाही: डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये उघडलेले मिरजेचे मिशन हॉस्पिटल फार दूर नाही. तरीही ‘प्रार्थना झाली आणि गोळ्या सोडल्या’ असे कौतुकाने सांगणारी साक्ष अधूनमधून निघतेच. क्षयरोग, मधुमेह किंवा फिट्स असलेल्या ऐकणाऱ्याला ती घातक ठरू शकते. शहाणे पाळक तिथेच थांबवून औषध चालू ठेवायला सांगतात.

साक्षीचा खरा कस मात्र माणूस बरा होत नाही तेव्हा लागतो. येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर कबरेतून बाहेर आला, पण कधीतरी पुन्हा मेलाच असणार. बरे झालेल्या प्रत्येकाचे तेच. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे आपली पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तोच पौल सगळा विश्वास ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर उभा करतो: ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास निष्फळ. म्हणून दफनविधीत विधवेने किंवा मुलाने दिलेली साक्ष दोन-तीन वाक्यांची असली तरी आजारपणाच्या लांबलचक हकिगतीहून वजनदार ठरते. तिच्यात बरे होणे नसते, पुन्हा भेटण्याची आशा असते. ईस्टरला ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हटल्यावर ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर येते, तेव्हा वर्षभरात ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्यांच्याकडे नकळत लक्ष जाते.

घरगुती सभेला शेजारचे हिंदू, मुसलमान, लिंगायतही येतात, निदान चहाला थांबतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यावे असे सांगितले आहे. आधी विचारणा, मग उत्तर. ‘मी बरी झाले’ ही साक्ष. ‘तूही आलीस तर बरी होशील’ हे आश्वासन, आणि ते देण्याचा अधिकार सांगणाऱ्याला नाही. कायद्याची नजरही याच जागी पडते. कर्नाटकचे धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्याच अधिवेशनात संमत केले, सप्टेंबर २०२२ मध्ये ते विधान परिषदेतही संमत झाले. आमिष दाखवून केलेले धर्मांतर त्यात गुन्हा ठरते. हा कायदा मागे घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये घेतला.