नरकाचा राजा सैतान? बायबल असं म्हणत नाही

सैतान नरकात सिंहासनावर बसून पाप्यांना छळतो, हे चित्र शतकानुशतकं फिरतंय. बायबलमध्ये ते कुठेच नाही. बायबलमधल्या मत्तय या पुस्तकात (25:41, म्हणजे अध्याय 25, वचन 41) येशू स्पष्ट सांगतो, की सार्वकालिक अग्नी सैतान आणि त्याच्या दूतांसाठीच सिद्ध केलेला आहे. प्रकटीकरण 20:10 मध्ये तर सैतानालाच अग्नीच्या सरोवरात टाकलं जातं. तिथे तो राज्य करत नाही, शिक्षा भोगतो. शिंगं, त्रिशूळासारखी हत्यारं, उकळत्या कढया या बऱ्याचशा मध्ययुगीन युरोपातल्या चित्रांमधून आल्या.

मग न्याय कोण करतो? योहान 5:22 प्रमाणे तो अधिकार पुत्राकडे, म्हणजे ख्रिस्ताकडे आहे. मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ख्रिस्ती श्रद्धेत न्यायाधीश आणि तारणारा एकच आहे. तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळतं, असं इफिसकरांस पत्र 2:8 सांगतं.