'एनेबल' म्हणजे शेवटी एक दुवाच

वेब सर्व्हर हाताने सुरू केला, साइट दिसली, काम झालं असं वाटतं. मग कधीतरी मशीन रीबूट होतं आणि साइट उठतच नाही. आज लिनक्सवर 'सिस्टमसीटीएल एनेबल' ही आज्ञेची एक ओळ त्यावर पुरते: मशीन सुरू होताना सेवा आपोआप सुरू होते. त्या ओळीमागे मात्र बराच इतिहास आहे.

युनिक्समध्ये कर्नलनंतर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानंतर) पहिली प्रोसेस सुरू होते ती 'इनिट'. तिचा क्रमांक 1. बीएसडी या युनिक्सच्या शाखेत ती 'आरसी' नावाची शेल स्क्रिप्ट चालवायची. आपलं काही जोडायचं तर 'आरसी.लोकल'मध्ये एक ओळ टाकायची. ही स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालते, हे वेब सर्व्हरच्या पथ्यावरच पडलं, कारण 1024 च्या खालचे पोर्ट (नेटवर्कवरच्या सेवांचे क्रमांकित दरवाजे) रूटलाच उघडता येत आणि वेबचं पोर्ट 80. अडचण इतकीच, की एकाच फाइलमध्ये सगळ्यांचे हात.

युनिक्सच्याच सिस्टिम फाइव्ह घराण्याने प्रत्येक सेवेला स्वतंत्र स्क्रिप्ट दिली आणि रनलेव्हल (मशीनच्या चालण्याच्या क्रमांकित अवस्था) आणले. कोणत्या रनलेव्हलला काय चालवायचं हे दुव्यांच्या (मूळ स्क्रिप्टकडे बोट दाखवणाऱ्या फाइलींच्या) नावावरून ठरे: 'एस' म्हणजे सुरू, 'के' म्हणजे बंद, पुढे क्रमांक. रेड हॅट या लिनक्सवर अपाची या वेब सर्व्हरचा दुवा असायचा 'एस85एचटीटीपीडी'. हे दुवे हाताने करायचा कंटाळा म्हणून रेड हॅटवर 'चेककॉन्फिग' आणि डेबियनवर 'अपडेट-आरसी.डी' वापरात होते.

पण सर्व्हर सुरू करून दिला की स्क्रिप्टचा संबंध संपला. तो पुढे जगला की मेला, हे कळायला आधार एका पीआयडी फाइलचा, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवलेल्या फाइलचा. वीज अचानक गेली की ती फाइल तशीच राहून जाई, आणि तो क्रमांक आता भलत्याच प्रोसेसकडे असला तर स्क्रिप्ट बिनदिक्कत सांगे, सर्व्हर आधीच चालू आहे! त्याहून छळवादी प्रकार एसएसएलचा (वेबवरच्या कूटबद्ध जोडणीचा): खाजगी किल्लीला पासफ्रेज असेल तर बूट होतानाच अपाची ती विचारत थांबे, आणि कीबोर्डसमोर कोणीच नसे.

मग आली सोलारिस 10 या युनिक्समधलं एसएमएफ आणि अॅपलचं लाँचडी, दोन्ही 2005 मधली, सेवांवर सतत नजर ठेवणारी. उबुंटूने 2006 मध्ये अपस्टार्ट आणलं. 2010 मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांचं सिस्टमडी आलं; 'सिस्टमसीटीएल' ही त्याचीच आज्ञा. ते सीग्रुपच्या (कर्नलने बांधलेल्या प्रोसेसच्या गटांच्या) आधारे सेवेच्या सगळ्या प्रोसेस ओळखतं, सांगितलं असेल तर पडलेली सेवा पुन्हा उभी करतं. भांडणंही तितकीच झाली: 2014 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडलं गेलं.

गंमत म्हणजे 'एनेबल' अजूनही दुवाच तयार करतं, फक्त आता 'मल्टी-यूजर.टार्गेट.वॉन्ट्स' या फोल्डरमध्ये. तो कामी येतो बूट होताना, त्यामुळे नुसतं 'एनेबल' केल्याने चालू मशीनवर काहीच सुरू होत नाही. लगेच हवं तर 'नाऊ' हा पर्याय जोडावा लागतो.