बॅकफायर कुठे होतो? सायलेन्सरमधल्या बारामागची गोष्ट

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरी झालेल्या पट्ट्यात रात्री एखादी गाडी जोरात येते, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर सोडतो, मागे फटाफट बार निघतात आणि सायलेन्सरच्या तोंडाशी वीतभर जाळ दिसतो. कशेडीच्या बोगद्यात तर हाच आवाज दुप्पट होऊन कानावर आदळतो. बघणारे म्हणतात, ‘गाडी बॅकफायर मारतेय.’ माझ्या लहानपणी असा आवाज आला की गाडी गॅरेजला लावायचे. आता काही जण गॅरेजमध्ये जाऊन तो आवाज भरून घेतात.

आधी शब्दाचं बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे. आपल्याकडे ‘बॅक मारणे’ तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतात. पहिली म्हणजे किक. जुन्या बुलेटचं ठिणगीचं टायमिंग पुढे गेलेलं असलं की पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडते, पिस्टन उलटा फेकला जातो आणि किक नडगीवर बसते. हँडल मारून गाड्या सुरू करायच्या काळात याच झटक्याने मनगटं मोडत. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेवरचा स्टार्टर आला आणि हळूहळू तो धोका मागे पडला.

दुसरी गोष्ट कार्बोरेटरची, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की ते सावकाश जळतं. इन्टेकचा, म्हणजे मिश्रण आत घेणारा, व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो तेव्हाही आत आग शिल्लक असते, आणि ती आल्या वाटेने, म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडातून, बाहेर येते. टायमिंग चुकलं किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसला तरी हेच होतं. माझ्या मते खरा बॅकफायर हा. यात एअर फिल्टर पेटतो, कधी बॉनेटखाली आग लागते. बोटीच्या बंद इंजिनखोलीत पेट्रोलची वाफ साचलेली असते, तिथे तर हा प्रकार जिवावर बेततो. म्हणून अमेरिकेत १९४०पासून बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांना कार्बोरेटरच्या तोंडावर ज्वाला अडवणारी धातूची जाळी बंधनकारक आहे. त्या जाळीच्या नावात बॅकफायर हा शब्द आहे आणि तो तिथे अगदी बरोबर आहे. आपल्या मच्छीमारांच्या मोठ्या बोटी डिझेलवर चालतात, त्यांना ठिणगीच लागत नाही, त्यामुळे आपल्या बंदरांत हा विषय फारसा निघत नाही.

तिसरी गोष्ट सायलेन्सरमधली. न जळलेलं पेट्रोल एग्झॉस्टच्या पाइपात येतं, तिथे त्याला हवा आणि उष्णता मिळते, आणि बार होतो. इंजिनीअर याला ‘आफ्टरफायर’ म्हणतात. आग मागे फिरत नाही, उशिरा लागते. शब्दकोश दोन्हींना बॅकफायर म्हणू देतात, हे मला मान्य आहे. खुद्द कारखान्यांनीही हा फरक पाळलेला नाही. १९६६पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी एग्झॉस्टमध्ये पंपाने हवा सोडू लागले. ॲक्सिलरेटर सोडल्यावर त्या हवेने सायलेन्सरमध्ये स्फोट होऊ नयेत म्हणून जो व्हॉल्व्ह बसवला, त्याचं नाव ‘अँटी-बॅकफायर व्हॉल्व्ह’. म्हणजे कागदोपत्री चूक माझीच ठरते. तरीही मी हा फरक सोडायला तयार नाही, कारण शब्द चुकला की दुरुस्ती चुकते.

हे अनुभवाने सांगतो. माझी कार्बोरेटरवाली मोटारसायकल घाट उतरताना फटफट बार काढायला लागली. एका शहरातल्या गॅरेजात मी ‘बॅकफायर’ एवढंच सांगितलं. त्यांनी ऐकून कार्बोरेटर बदलला. पैसे गेले, आवाज राहिला. शेवटी गावच्या मिस्त्रीने गाडी चालू ठेवली, वाकून पाइपाच्या सांध्याजवळ पाहिलं आणि बोट लावून काळा डाग दाखवला. गंजून चार आण्याच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडेला काजळी धरली होती. ॲक्सिलरेटर सोडला की पाइपात दाबाची चढउतार होते, क्षणभर आत ओढ तयार होते आणि भोकातून बाहेरची हवा शिरते. आत पेट्रोल, उष्णता होतीच, हवेची कमी भोकाने भरून काढली. ठिगळ मारून वेल्डिंग केलं आणि गाडी गप्प झाली. खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात आपल्याकडे सायलेन्सर लवकर सडतात, त्यामुळे कोकणातल्या बारांचं हे कारण आधी तपासावं.

पण शर्यतीच्या गाड्यांचं कारण गंज नव्हे. तिथे इंजिन जास्तीत जास्त ताकदीसाठी बांधलेलं असतं. मिश्रण पेट्रोलकडे झुकलेलं, इन्टेक आणि एग्झॉस्टचे व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहतील असा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मागे मोकळा पाइप. एग्झॉस्टचं तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं, आणि पेट्रोल तर तीनशेच्या आतच आपोआप पेट घेऊ शकतं. एकदम ॲक्सिलरेटर सोडला की सिलिंडरमधलं जळणं अर्धवट राहतं आणि उरलेलं पाइपात पेटतं. माझदाच्या रोटरी इंजिनात (यात पिस्टनऐवजी रोटर फिरतो) एग्झॉस्ट मुळातच फार तापतो, म्हणून त्यांची आरएक्स-७ ही स्पोर्ट्स गाडी जाळासाठी प्रसिद्ध झाली.

१९८२ ते १९८६च्या ‘ग्रुप बी’ या रॅलीच्या गटातल्या टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवलेल्या गाड्यांनी ही ज्वाला जगभर पोचवली. त्यानंतर आलं ‘अँटी-लॅग’, आणि १९९०च्या दशकात रॅलीमध्ये ते रुळलं. टर्बो एग्झॉस्टच्या जोरावर फिरतो, त्यामुळे वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की तो मंदावतो आणि पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. यावर उपाय म्हणून ड्रायव्हरने पाय काढला तरी थोडी हवा आणि पेट्रोल आत सोडत राहायचं आणि ठिणगी मुद्दाम उशिरा पाडायची, म्हणजे जळणं टर्बोच्या तोंडाशी होऊन तो फिरता राहतो. बार आणि जाळ ही त्याची बाजूची निष्पत्ती होती, आणि किंमत जबर होती. हजार अंशांच्या आसपासच्या उष्णतेत टर्बोचं आयुष्य झपाट्याने घटायचं.

रस्त्यावरच्या गाड्या मात्र याच काळात शांत होत गेल्या. इंजेक्शनवाली, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल मोजून फवारणारी, गाडी उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच पेट्रोल बंद करते, मग पाइपात जळायला काही उरतच नाही. भारतात १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, २०००मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि एप्रिल २०२०च्या बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांनंतर दुचाक्यांचे कार्बोरेटरही जवळपास संपले. चालत्या बुलेटची चावी बंद-चालू करून बार काढायची जुनी खोडही त्यामुळे अवघड झाली, कारण इंजेक्शनमध्ये ठिणगीबरोबर पेट्रोलही तुटतं.

आणि नेमकं तेव्हाच हा आवाज परत आला, या वेळी सॉफ्टवेअरमधून. आधी महागड्या स्पोर्ट्स गाड्यांच्या कंपन्यांनी स्पोर्ट मोडमध्ये हलकी गुरगुर ठेवली, मग बाहेरच्या ट्यूनरनी तीच वाढवली. पाय काढल्यावर पेट्रोल तोडायचं नाही, थोडं सोडायचं आणि ठिणगी उशिरा पाडायची. तंत्र अँटी-लॅगच्या घरातलं, पण इथे त्याने वेग वाढत नाही. जाळ दिसावा म्हणून कन्व्हर्टर काढून टाकतात, कारण त्याच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीत ज्वाला विझते. तो ठेवला तर न जळलेलं पेट्रोल त्याच्या आत जळतं आणि जाळी वितळून पाइप तुंबतो. दोन्हीकडून नुकसानच आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परवानाही तीन महिने जातो.

कोकणात यापलीकडची एक काळजी आहे. एप्रिल-मेमध्ये सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत कडकडीत वाळलेलं असतं आणि काजूच्या बागा रस्त्याला लागून असतात. अशी गाडी पळवून आणून समुद्र बघायला गवतात उभी केली, तर तिचा जाळ थांबलेला असला तरी खालचा कन्व्हर्टर, किंवा तो काढलेला असेल तर पाइप, गवत पेटवण्याइतका तापलेला असतो. आमच्या बागेच्या कडेला जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेला पट्टा) मारताना आम्ही आता रस्त्याकडच्या गाडी वळवायच्या जागेतलं गवतही मार्चमध्येच बेणून घेतो.