जांभळ्या पटलाची पन्नास वर्षे

मे २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन'ने एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकिगत छापली. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजाराने त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली. उजेड आहे की अंधार, एवढेच कळायचे. एका डोळ्यात जनुक वाहून नेणारा विषाणू टोचला, मग काही महिने सराव झाला आणि खास गॉगल घालून त्याला समोरच्या टेबलावरची वही शोधून तिला हात लावता येऊ लागला. वाचता येत नव्हते, चेहरे ओळखू येत नव्हते. पण जे जनुक टोचले होते ते माणसाचे नव्हते, पाण्यात राहणाऱ्या एका हिरव्या शैवालाचे होते.

या जनुकाच्या गोतावळ्याचा माग काढत मागे गेले, की आपण अतिखारट पाण्याशी येऊन पोहोचतो. त्यात जगणाऱ्या हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाच्या पेशीपटलावर जांभळे पट्टे असतात. (नावात बॅक्टेरियम असले तरी हा जिवाणू नव्हे. आर्किया हा वेगळा गट १९७७ मध्ये ओळखला गेला, तोवर नाव रूढ झाले होते.) वॉल्टर स्टोकेनियस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेत जर्मनीहून आलेले डीटर ओस्टरहेल्ट या पट्ट्यांच्या मागे लागले. सेंद्रिय द्रावक घातला की जांभळा रंग जाऊन पिवळा यायचा. हे वागणे रेटिनलचे होते. रेटिनल म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारा, डोळ्यात प्रकाश टिपणारा रेणू. तो तोवर फक्त प्राण्यांच्या डोळ्यांत माहीत होता; डोळाच नसलेल्या जीवात तो असेल यावर सहज विश्वास बसण्यासारखे नव्हते. १९७१ मध्ये शोधनिबंध आला आणि प्रथिनाचे नाव पडले बॅक्टेरिऱ्होडॉप्सिन. प्रकाश पडला की ते प्रोटॉन पेशीबाहेर ढकलते आणि त्यातून पेशीला ऊर्जा मिळते, हेही लवकरच कळले. पुढे त्याच जीवात क्लोराइड आत ओढणारे हॅलोऱ्होडॉप्सिन सापडले.

आता गंमत बघा. १९७९ मध्येच डीएनएची रचना उलगडणारे फ्रान्सिस क्रिक यांनी लिहिले होते, की मेंदू समजायचा तर एकाच प्रकारच्या चेतापेशींवर ताबा मिळवता आला पाहिजे, बाकीच्यांना न छेडता. विजेच्या तारेने हे होत नाही, कारण ती आजूबाजूच्या सगळ्यांनाच झटका देते. औषध नेमके असले तरी संथ. प्रकाशावर चालणारी प्रथिने तेव्हा कपाटात तयार होती, पण दोन्हीकडच्या लोकांची गाठ पडायला पाव शतक लागले. याला निव्वळ आळस म्हणता येणार नाही. परक्या जीवाचे नाजूक प्रथिन सस्तन प्राण्याच्या चेतापेशीत धड बसेल, तिला अपाय करणार नाही आणि त्याला रेटिनलही मिळेल, यावर पैज लावायला फारसे कोणी धजावले नसते.

शिवाय बॅक्टेरिऱ्होडॉप्सिन हा पंप. रहाटाच्या एका फेऱ्यात एक पोहरा, तसा प्रकाशाच्या एका कणाला एक आयन, म्हणजे एक विद्युतभारित कण. चेतापेशी पेटवायला पाटाचे दार हवे, एकदा उघडले की पाणी आपसूक वाहणारे. ते सापडले क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालात. सुमारे १० मायक्रोमीटरची ही पेशी दोन शेपट्या हलवत उजेडाच्या दिशेने पोहते आणि तिच्या अंगावर नारिंगी ठिपका असतो, नेत्रबिंदू. पीटर हेगेमान यांनी तिचे विद्युत् प्रवाह मोजले. प्रकाश पडल्यावर मिलिसेकंदाच्या आत प्रवाह उठतो. म्हणजे मध्ये निरोप्यांची साखळी असायला वेळच नाही, प्रकाश टिपणारे प्रथिन हेच दार असावे. गेऑर्ग नागेल आणि एर्न्स्ट बामबर्ग यांच्यासह त्यांनी बेडकाच्या अंडपेशीत ते सिद्ध केले. २००२ मध्ये चॅनेलऱ्होडॉप्सिन-१, २००३ मध्ये चॅनेलऱ्होडॉप्सिन-२. हे दुसरे निळ्या प्रकाशाला, साधारण ४७० नॅनोमीटरला, सर्वाधिक प्रतिसाद देते. नुसत्या प्रकाशाने पेशी उत्तेजित करायला ते वापरता येईल, असे त्या निबंधाच्या सारांशातच म्हटले होते.

चेतापेशीत पहिला प्रयोग मात्र वेगळ्या वाटेने झाला होता. गेरो मीझेनबॉक यांच्या गटाने २००२ मध्ये फळमाशीच्या डोळ्यातली तीन प्रथिने एकत्र वापरून चेतापेशी प्रकाशाने चालवल्या. जमले, पण सेकंदांच्या हिशेबात. ऑगस्ट २००४ मध्ये स्टॅनफर्डला एड बॉयडन यांनी शैवालाचे जनुक घातलेल्या चेतापेशीवर निळा प्रकाश टाकला आणि झोताच्या प्रत्येक ठिणगीमागे पेशीचा एक ठोका पडला. कार्ल डायसरॉथ, फेंग झांग, नागेल आणि बामबर्ग यांच्यासह तो निबंध २००५ मध्ये आला. आणि रेटिनल? ते बाहेरून घालावेच लागले नाही. सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींत ते पुरेसे असतेच. माझ्या मते हे सगळे तंत्र उभे आहे ते या एका फुकट मिळालेल्या देणगीवर.

श्रेयाचा प्रश्न सरळ नाही. झुओ-हुआ पॅन यांनीही २००४ मध्येच दृष्टिपटलाच्या पेशींत हेच प्रथिन चालवून पाहिले होते. त्यांचा अंध उंदरांवरचा निबंध २००६ मध्ये आला. जनुक घालून पेशी प्रकाशाने चालवण्याच्या या तंत्राचे 'ऑप्टोजेनेटिक्स' हे नावही त्याच वर्षीचे.

२००७ मध्ये हॅलोऱ्होडॉप्सिन कामाला आले. निळ्या प्रकाशाने पेशी चालू, पिवळ्याने गप्प. मग वेग आला. २०१२ मध्ये एमआयटीत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने भीतीची आठवण साठताना जागे झालेल्या पेशींतच चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ बसवले. पुढे निरुपद्रवी पेटीत फिरणाऱ्या उंदराच्या मेंदूत निळा दिवा लावला, की तो जागीच थिजायचा.

वैद्यकीय संशोधनासाठीचा २०२१ चा लास्कर पुरस्कार ओस्टरहेल्ट, हेगेमान आणि डायसरॉथ यांना विभागून मिळाला.

वहीला हात लावणाऱ्या त्या रुग्णासाठी निळ्या प्रकाशाचे प्रथिन निवडले नव्हते. तीव्र निळा प्रकाश डोळ्याला जाचक असतो, म्हणून लालसर बाजूला झुकणारे क्रिम्सनआर घेतले. तरी साधा दिवसाचा उजेड त्याला पुरत नाही. गॉगलमधला कॅमेरा समोरचे दृश्य टिपतो आणि प्रोजेक्टर ते ५९५ नॅनोमीटरच्या पिवळट-नारिंगी झोतात दृष्टिपटलावर टाकतो. गॉगल काढला, की वही पुन्हा दिसेनाशी होते.