शॅम्पेनचे जनक कोण? एका समजुतीची पार्श्वभूमी

फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतात ओव्हिलेर येथे असलेल्या बेनेडिक्टाइन मठातील संन्यासी डॉम पिएर पेरिन्यों (१६३८–१७१५) यांनी फसफसणाऱ्या वाइनचा शोध लावला, ही वाइनविषयीची एक अतिशय रुजलेली समजूत आहे. पहिल्याच घोटाला ‘मी तारे पितो आहे’ असे ते म्हणाले, ही आख्यायिकाही तिला जोडूनच येते. वास्तविक १६६८ च्या सुमारास मठाच्या कोठीची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा तेथे वाइनमधले बुडबुडे हा दोष मानला जात असे आणि तो टाळण्यासाठीच ते झटत होते.

त्या दोषाचे मूळ तेथील हवामानात होते. या थंड प्रदेशात द्राक्षांचा रस पुरता आंबण्याआधीच कडाक्याचा हिवाळा सुरू होई, यीस्टचे काम थांबे आणि थोडी साखर रसात तशीच राही. वसंतात ऊब मिळताच आंबण्याची क्रिया पुन्हा सुरू झाली की, पिंपातून निसटून जाणारा वायू बाटलीत मात्र कोंडला जाई. लाकडाच्या भट्टीत तयार झालेली फ्रेंच काच त्या दाबापुढे टिकत नसे. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्याही फुटत. पुढील काळात तर तळघरातील कामगार लोखंडी मुखवटे घालून वावरत.

दाब पेलणारी काच आधी इंग्लंडमध्ये तयार झाली. जहाजबांधणीसाठी लाकूड राखून ठेवावे म्हणून राजा पहिला जेम्स याने १६१५ मध्ये काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी घातली. भट्ट्या दगडी कोळशाकडे वळल्या आणि अधिक उष्णतेमुळे काच जाड व मजबूत होऊ लागली. १७ डिसेंबर १६६२ रोजी इंग्रज वैद्य क्रिस्टोफर मेरेट यांनी रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेपुढे मांडलेल्या निबंधात, वाइन फसफसती व्हावी म्हणून इंग्लंडमधील व्यावसायिक तीत साखर आणि काकवी घालतात, अशी नोंद आहे. अर्थात मेरेट यांनाही जनक ठरवता येत नाही, कारण त्यांनी केवळ प्रचलित रीत टिपून ठेवली होती.

पेरिन्यों यांचे खरे कर्तृत्व वेगळेच आहे. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षे पारखून त्यांचा मेळ घालणे आणि काळ्या द्राक्षांच्या सालीचा रंग उतरू न देता हलक्या दाबाने स्वच्छ रस काढणे, ही कामे त्यांनी विलक्षण काटेकोरपणे केली. शॅम्पेनचा दर्जा आजही या मिश्रणकलेवर उभा आहे आणि नेमकी तीच या दंतकथेने झाकोळली, याची खंत वाटते.

दंतकथेला बळ मिळाले ते बऱ्याच उशिरा. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडल्यानंतर तेथील एक माजी संन्यासी डॉम ग्रोसार यांनी १८२१ मध्ये एका पत्रात फसफसत्या शॅम्पेनचे श्रेय पेरिन्यों यांना दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शॅम्पेनच्या व्यापाऱ्यांनी ही कथा आपल्या प्रचारात घेतली आणि १९३६ मध्ये मोएट अँड शाँडाँ या कंपनीने १९२१ च्या हंगामाची वाइन ‘डॉम पेरिन्यों’ या नावाने बाजारात आणली.