लंडनच्या मोडलेल्या दफनभूमी आणि हरवलेले पूर्वज

लंडनमध्ये पुरलेल्या पूर्वजाचा माग काढताना कधी ना कधी ऐकावं लागतं, की ते चर्च आता उरलं नाही आणि दफनभूमीही मोडली. इथेच बरेचजण नाद सोडतात. पण शहरातली दफनभूमी सगळीच्या सगळी नाहीशी झाली असं सहसा होत नाही. कुठे फक्त थडग्यांचे दगड हलतात, कुठे हाडं हलतात, तर कुठे इमारतच तेवढी जाते.

मॅथ्यू फ्लिंडर्सचंच बघा. जहाजातून ऑस्ट्रेलियाला वळसा घालून किनाऱ्याचा नकाशा काढणारा हा दर्यावर्दी जुलै १८१४ मध्ये वारला. युस्टनजवळ, सेंट जेम्स चर्चच्या हॅम्पस्टेड रोडवरच्या दफनभूमीत त्याला पुरलं. पुढे घरच्यांपैकी एक बाई थडगं शोधायला गेल्या, तर आवाराचा नकाशाच बदललेला. थडगी आतल्या माणसांसकट कचऱ्यासारखी वाहून नेली, अशी घरच्यांची समजूत झाली. नंतर तो युस्टन स्टेशनच्या फलाटाखाली आहे अशी दंतकथाही पसरली. जानेवारी २०१९ मध्ये नव्या रेल्वेमार्गासाठी तिथे उत्खनन चालू असताना तो सापडला. शवपेटीवरच्या शिशाच्या पट्टीवर नाव शाबूत होतं. म्हणजे दगड गेला होता, माणूस जागेवरच होता. जुलै २०२४ मध्ये लिंकनशरमधल्या डॉनिंग्टन या त्याच्या जन्मगावी त्याचं पुन्हा दफन झालं.

हे गोंधळ का झाले, ते समजायला एकोणिसाव्या शतकात जावं लागतं. चर्चची आवारं इवलीशी आणि वस्ती अफाट. तीच माती पुन्हा पुन्हा खणून माणसावर माणूस पुरला जाई. गरिबाला दगड परवडत नसे, त्यामुळे बहुतेकांच्या जागेवर पहिल्यापासूनच कायमची खूण नव्हती. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीनंतर ओरड वाढली आणि १८५२ च्या कायद्याने लंडनमधल्या भरलेल्या दफनभूमी बंद करायची वाट मोकळी झाली. लंडनबाहेर, सरे परगण्यातली ब्रुकवुड दफनभूमी १८५४ मध्ये उघडली. तिथे मृतदेह न्यायला वॉटर्लूहून वेगळी आगगाडी सुटायची! सिटी ऑफ लंडनची, म्हणजे मधल्या जुन्या शहराची, त्या शहराबाहेर काढलेली दफनभूमी १८५६ ची. त्यामुळे पूर्वज १८५० च्या दशकानंतर मध्य लंडनमध्ये वारला असेल, तर मोडलेल्या चर्चच्या आवारात त्याला शोधणं बहुधा फुकट जातं.

बंद झालेल्या जागांवर रेल्वेचा डोळा होताच. १८६० च्या दशकात सेंट पँक्रसच्या जुन्या चर्चच्या आवारातून मिडलंड रेल्वेचा मार्ग गेला. तिथली थडगी उकरण्यावर देखरेख करायला नेमलेला तरुण वास्तुविशारद म्हणजे पुढे कादंबरीकार झालेला थॉमस हार्डी. शेवटी १८८४ च्या कायद्याने अशा जागी बांधकामाला मनाई केली. मग अनेक आवारांच्या बागा झाल्या आणि दगड उचलून भिंतीला टेकवले गेले. अशा बागेत आपल्या आडनावाचा दगड दिसला, तर त्याच्याखाली आपला माणूस आहे असं मात्र धरू नये.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने चर्च गेली, पण त्यांची आवारं बरीचशी राहिली. सेंट मेरी ऑल्डरमनबरी १६६६ च्या आगीत जळलं, वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने ते पुन्हा उभारलं आणि २९ डिसेंबर १९४० च्या रात्री ते पुन्हा जळालं. उरलेले दगड १९६० च्या दशकात अमेरिकेत, मिसूरीतल्या फुल्टनला नेऊन तिथे चर्च पुन्हा बांधलं. शेक्सपिअरची नाटकं एकत्र छापून आणणारे त्याचे दोन सहकारी नट, हेमिंग्ज आणि काँडेल, याच चर्चच्या पॅरिशमध्ये, म्हणजे हद्दीत, पुरलेले. चर्च समुद्रापार गेलं. लंडनमधल्या त्या जागी बाग आहे आणि तिथे या दोघांचं स्मारक उभं आहे.

राहिली कागदपत्रं. सरकारी मृत्यूनोंद १ जुलै १८३७ पासून आहे, पण मृत्यूच्या दाखल्यावर दफन कुठे झालं ते नसतं. ते चर्चच्या दफन नोंदवहीत मिळतं. अशा वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. १८१३ पासून छापील रकाने आले: नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूची सही. आवाराच्या कुठल्या कोपऱ्यात पुरलं, याला रकानाच नाही. वही जळाली असेल, तर बिशपकडे पाठवलेली वार्षिक नक्कल शोधावी.

सगळ्यात दुर्लक्षित राहतात ती हलवाहलवीची कागदपत्रं. चर्चच्या आवारात असा फेरफार करायला धर्मप्रांताची, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या कारभाराची, परवानगी लागते, त्यामुळे तो अर्ज आणि त्यासोबतचे नकाशे धर्मप्रांताच्या दफ्तरात असू शकतात. थडगी हलवल्याच्या अनेक नोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'आरजी ३७' या मालिकेत आहेत. त्यांत दगडांवरचा मजकूर आणि अवशेष पुन्हा कुठे पुरले, ते सापडू शकतं. ज्याला दगडच नव्हता त्याचं नाव तिथे मिळण्याची आशा कमी. पण नोंदवहीवरून आवार पक्कं झालं असेल, तर त्या आवारातली माणसं कुठे नेली, एवढं तरी कळू शकतं.